चौथे कडवेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत युद्धविरोधी गाण्यांवर पानभर मजकूर आला. मराठवाड्यातल्या वाचकांसमोर हा विषय मांडल्याबद्दल आभार. त्या पानावरच्या दोन चुका मात्र दुरुस्त व्हायला हव्यात. ‘फुले कुठे गेली’ असे विचारणाऱ्या इंग्रजी गाण्याच्या रूपांतराखाली ‘अमेरिकी लोकगीत’ असे छापले आहे. आणि उजवीकडच्या चौकटीत, बुद्धजयंतीला आपल्याकडच्या गायन पार्ट्या (गाणी म्हणणारे गट) म्हणतात ते ‘युद्ध नको’ सांगणारे गाणे तीन कडव्यांत आटोपून खाली ‘पारंपरिक’ असे लिहिले आहे. दोन्ही गाण्यांना लिहिणारा माणूस आहे.

पहिल्या गाण्याची पहिली तीन कडवी अमेरिकी लोकगायक पीट सिगर यांनी १९५५ मध्ये लिहिली. बीज रशियन कादंबरीकार शोलोखोव्ह यांच्या डॉन नदीवरच्या कादंबरीतल्या कोसॅक गाण्याचे. सैनिक, कबरी आणि पुन्हा फुले असा फेरा पूर्ण करणारी पुढची कडवी जो हिकरसन यांनी १९६० मध्ये जोडली. १९६१ मध्ये किंग्स्टन ट्रिओ या लोकप्रिय गटाने हे गाणे पारंपरिक समजून ध्वनिमुद्रित केले आणि श्रेय स्वतःकडे घेतले. सिगर यांनी कळवल्यावर ते दुरुस्त झाले. गाणे लिहिणारा हयात होता, त्याच्या आवाजातले मुद्रण आधीच बाजारात आले होते, म्हणून ते जमले. आपल्या पुरवणीने साठ वर्षांनी तीच चूक केली आहे, आणि आपल्याकडच्या यूट्यूब चॅनलांवर ती रोज होते.

लेखात एक वाक्य आहे की अशी गाणी कोणाच्याच मालकीची नसतात. भावना समजते, पण व्यवहारात ते खरे नाही. हक्काची मुदत चालू असलेल्या प्रत्येक गाण्याला मालक असतो, आणि गाणे युद्धाच्या विरोधात वाजणार की आणखी कशासाठी, हे तोच ठरवतो. १९६९ चे ‘फॉर्च्युनेट सन’ घ्या. व्हिएतनाम युद्धाचा काळ. पैसेवाल्यांची आणि पुढाऱ्यांची पोरे मागे राहतात, गरिबाचा पोरगा पुढे जातो, हा विषय. शब्द, चाल, आवाज तिन्ही जॉन फॉगर्टी यांचे. हक्क मात्र फँटसी रेकॉर्ड्स या कंपनीचे. त्या करारातून सुटण्यासाठी फॉगर्टी यांनी आपल्या जुन्या गाण्यांच्या उत्पन्नावरही पाणी सोडले. पुढे हे गाणे रँग्लर जीन्सच्या जाहिरातीत आले. झेंड्याचा उल्लेख असलेल्या सुरुवातीच्या ओळी घेतल्या आणि विरोधाची ओळ यायच्या आत गाणे कापले. कवीची इच्छा नसताना युद्धविरोधी गाणे देशप्रेमाची जाहिरात झाले, आणि फँटसीने त्यात कायदा कुठेही मोडला नव्हता. याच फँटसीने फॉगर्टी यांच्यावर दावाही लावला होता की त्यांचे नवे गाणे त्यांच्याच जुन्या गाण्यासारखे वाटते. १९८८ मध्ये ज्यूरीने फॉगर्टी यांच्या बाजूने कौल दिला. गाण्यांच्या प्रकाशन हक्कांतला मोठा वाटा त्यांच्या हाती परत आला तो थेट जानेवारी २०२३ मध्ये.

हक्कांचे दोन ढीग असतात, ते आधी समजून घ्यायला हवेत. शब्द आणि चाल मिळून होते ‘रचना’. तिचे पहिले मालक गीतकार आणि संगीतकार. त्या रचनेचे एका दिवशी एका स्टुडिओत केलेले मुद्रण म्हणजे ‘मास्टर’; त्याचा मालक सहसा पैसे घालणारा. एका रचनेचे शंभर मास्टर होऊ शकतात. आपल्याकडे दोन्ही ढीग एकाच कागदावर, एकाच सहीने जातात, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथे होते.

आता चौकटीतल्या गाण्याकडे येऊ. त्याला चौथे कडवे आहे आणि त्यात गीतकाराची नाममुद्रा, म्हणजे ओळीत गुंफलेले त्याचे नाव, आहे. ही पद्धत मराठवाड्याला सांगायला नको. गंगाखेडच्या जनाबाईंचा अभंग ‘जनी म्हणे’ने बंद होतो, पैठणच्या नाथांचा ‘एका जनार्दनी’ने, नरसीच्या नामदेवांचा ‘नामा म्हणे’ने. शाहिरांनी आणि जलशांनी हीच रीत उचलली; लोककवी वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गाण्यांत शेवटी ‘वामन’ येतो. छापखाना नव्हता, नोंदणी नव्हती, तेव्हा कवीने आपला हक्क गाण्याच्या आतच बांधून ठेवला. गाणे तोंडोतोंडी शंभर गावे फिरले तरी नाव सोबत फिरे. मग कॅसेट आली. एका बाजूला तीस मिनिटे आणि त्यात पाच गाणी बसवायची, तेव्हा शेवटचे कडवे गळाले. आता रीलला तीस सेकंद लागतात, म्हणून नुसते ध्रुवपद आणि पहिला अंतरा उरला. छापताना जागा कमी पडली की कात्री चालते तीही त्याच कडव्यावर. नाममुद्रा गेली की गाणे ‘पारंपरिक’ होते, आणि पारंपरिक झाले की पहिल्यांदा जो अपलोड करील त्याच्या नावावर लागते.

चालीची अडचण याहून अवघड आहे आणि तिच्यावर आमच्या क्षेत्रात मोकळेपणी बोलले जात नाही. गायन पार्टीची निम्मी गाणी चित्रपटाच्या चालीवर असतात. जलशांपासूनची ही परंपरा आहे आणि तिच्यामागे शहाणपण आहे: लोकांच्या कानात चाल आधीच बसलेली असते, त्यामुळे नवा विचार पहिल्याच रात्री तोंडी होतो. मंडपात हे चालले. मास्टर करून विकायला गेलात की मात्र ती चाल दुसऱ्याची ठरते. अनेकजण सांगतात की ‘कव्हरची (दुसऱ्याचे गाणे नव्याने मुद्रित करण्याची) परवानगी घेऊ’. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी खालचा कव्हर परवाना मूळ मुद्रणाचे वर्ष संपल्यानंतर पाच वर्षांनी मिळतो, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, आणि तांत्रिक गरजेपलीकडे गाण्यात बदल करता येत नाही. म्हणजे चाल ठेवून शब्द बदलणे त्यात बसतच नाही. त्यासाठी मूळ हक्कदाराची लेखी परवानगी लागते.

वाट आहे, आणि ती जुनीच आहे. ओवी, पाळणा, गवळण, भारूड, गोंधळ यांच्या मूळ चाली कोणाच्या मालकीच्या नाहीत. बॉब डिलन यांच्या १९६३ च्या ‘ब्लोइंग इन द विंड’ची चाल गुलामांच्या एका जुन्या गीतावरून आली आहे, आणि ते त्यांनी स्वतः सांगितले आहे. शब्द त्यांचे, चालीचे मूळ परंपरेचे, म्हणून हक्क निर्वेध. सावध मात्र राहावे लागते. चाल परंपरेतून घ्या, कोणाच्या कॅसेटवरून नको. कॅसेटवरच्या लोकगीतात संगीतकाराने घातलेले तुकडे, वळणे, मधले संगीत त्याचे असते. दोन-तीन वेगवेगळ्या गावांतली तीच चाल मोबाइलवर टिपून ठेवावी. पुढे वाद झाला तर ती परंपरेची आहे हे दाखवायला एवढा पुरावा हाताशी राहतो.

करार कसा असतो ते बघा. स्टॅम्प पेपरवर दोन ओळी: ‘सदर गाण्याचे सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमचे दिले, मोबदला मिळाला.’ खाली सही. असा कागद करण्याआधी प्रत्येक शाहिराने चार गोष्टी पाठ कराव्यात. कलम १९ प्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी हवे. तोंडी ‘तुम्हीच घ्या’ म्हटल्याने हक्क जात नाही. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही आणि करारात वेगळे ठरले नसेल, तर तो हक्क परत येतो. चौथी सगळ्यांत मोलाची: २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम १८ सांगते की गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देताच येत नाही. वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून तो कोणाला लिहून देता येत नाही, आणि ‘सोडला’ असे कागदावर असले तरी ते चालत नाही. शिवाय करार झाला तेव्हा वापरात नसलेले माध्यम करारात नाव घेऊन लिहिलेले नसेल तर ते हस्तांतरात येत नाही. आपल्या जिल्ह्यांतले किती कलावंत हे जाणून सही करतात? आम्ही पाहिलेल्या बहुतेक कागदांवर मुदतीचा रकानाच नसतो.

आम्ही सुचवतो तो वाटप-कागद एका पानात मावतो. गाण्याचे नाव, पहिली ओळ, नाममुद्रेसह सगळी कडवी. गीतकार, संगीतकार, मुख्य गायक, झीलकरी (मागून साथीला गाणारे), ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज वाजवणारे, ध्वनिमुद्रक यांची आधार कार्डावरची पूर्ण नावे. रचनेतले टक्के, बेरीज शंभर. कंपनी प्रकाशक असेल तर निम्मे तिचे, उरलेल्या निम्म्यात गीतकार आणि संगीतकार. मास्टर कोणाचा, तेही वेगळ्या ओळीत. तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. हे मुद्रणाच्या दिवशी, चहाच्या आधी करावे. गाणे चालल्यावर सह्या मागायला गेले की प्रत्येकाला चाल आपण सुचवल्याचे आठवते. झीलकरी आणि वादक हेही कायद्याने ‘सादरकर्ते’ आहेत. त्यांचा हक्क ५० वर्षे टिकतो. त्यांची नावे कागदावरून गाळणे हा अन्याय आहे, आणि पुढे हक्काचा वाद झाला तर कागद लंगडा पडतो.

मास्टरचा कागद झाला तरी फाइल हातात नसेल तर उपयोग नाही. आपल्याकडे गाणी हरवतात ती बहुतेक इथे: स्टुडिओची हार्ड डिस्क जाते आणि जगात उरते ती व्हॉट्सॅपवर फिरून पिचलेली एमपी३. मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह फाइलमध्ये करावे, आवाजाचे शिखर उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये ठेवावे. शाहिरी एका खोलीत एकत्र घ्यायची तर झांज गायकापासून आठ-दहा फूट मागे बसवावी, आणि गायकाच्या माइकची पाठ झांजेकडे असावी. झांज एकदा आवाजाच्या ट्रॅकमध्ये शिरली की शब्दांचे स, श, च ओळखू येत नाहीत आणि नंतर कोणतीही युक्ती चालत नाही. हलगी तापवून घेतात ते सर्वांना माहीत आहे, पण पावसाळ्यात दर दोन टेकमागे पुन्हा तापवावी लागते, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या कडव्याची थाप जुळत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. पोवाडा मुळात रणाचा. त्याची लय, ‘जी जी’ची झील, चढा सूर हे सगळे लढायला उठवण्यासाठी घडलेले आहे. युद्ध नको हे सांगणारा मजकूर त्याच साच्यात, काळी चारच्या चढ्या पट्टीत, त्याच वेगात म्हटला की ऐकणाऱ्याला स्फुरण चढते आणि शब्द मागे पडतात. शोकाच्या कडव्याला सूर दोन पट्ट्या खाली घ्यावा, तुणतुणे त्याप्रमाणे लावून घ्यावे, हलगी आणि झांज थांबवाव्यात. एकट्या तुणतुण्यावर म्हटलेले आईचे कडवे मंडप शांत करते.

शेवटच्या मास्टरची पातळी सरासरी उणे १४ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचे माप) आणि शिखर उणे १ डेसिबल पुरेशी आहे. बरेच जण तो उणे सातपर्यंत ठोकून भरतात. ऐकवणारे मंच सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करतात, त्यामुळे असे गाणे तिथे खालीच आणले जाते. चेपलेली थाप मात्र परत येत नाही. स्टुडिओतून निघताना पूर्ण गाणे, गायनाशिवायचा मायनस ट्रॅक, आणि प्रत्येक वाद्याची सुरुवातीच्या शून्य सेकंदापासून काढलेली वेगळी वेव्ह फाइल, एवढे घेऊनच पेन ड्राइव्ह काढावा. नुसती प्रोजेक्ट फाइल पाच वर्षांनी दुसऱ्या संगणकावर उघडेलच असे नाही. तीन प्रती ठेवाव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी.

मग नोंदणी. मास्टरला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो मुद्रणाचा असतो, गाणे विकणाऱ्या दुकानाचा नव्हे. गाणे ऑनलाइन मंचांवर पोहोचवणारा वितरक बदलला तरी जुनाच द्यायचा. नवा घेतला की तेच गाणे दोन ठिकाणी दोन नोंदींनी दिसते आणि मिळकत अडकते. रचनेची नोंद गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे गीतकार-संगीतकाराने सभासद होऊन करावी. गायकाचे पैसे ती संस्था गोळा करत नाही. नाव लिहिताना ‘शाहीर अमुक आणि पार्टी’ असे गीतकाराच्या रकान्यात टाकू नये. बँकेत जे नाव तेच तिथे. रोमन लिपीतले स्पेलिंग एकदा ठरवून कायम तेच वापरावे. वार्षिक फी घेणाऱ्या वितरकाकडे फी चुकली की गाणे उतरवले जाण्याची शक्यता असते, तेव्हा करारातली ती अट आधी वाचावी.

यूट्यूबचा कॉन्टेंट आयडी, म्हणजे सारखा आवाज आपोआप ओळखून दावा लावणारी यंत्रणा, हा सगळ्यांत जास्त वाद घडवणारा भाग. कीबोर्डमधला तयार ढोलकीचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) किंवा भाड्याने आणलेला ट्रॅक शंभर गाण्यांत वापरलेला असतो. त्यातल्या एकाने आपले गाणे कॉन्टेंट आयडीत टाकायची खूण केली की उरलेल्या नव्याण्णवांवर दावे लागतात, आणि मूळ ढोलकीवाला तर कुठेच नसतो. लूप वापरला असेल तर ती खूण करू नये. तुमच्या अस्सल गाण्यावर चुकीचा दावा आला तर आक्षेप नोंदवावा; दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात, तो गप्प राहिला तर दावा सुटतो. वाटप-कागद हाताशी असेल तर आक्षेप पाच मिनिटांत लिहून होतो.

लेखात जुन्या गाण्यांचे कौतुक आहे, म्हणून त्यांच्या मुदतीचेही सांगतो. अण्णा भाऊ साठे १८ जुलै, मख़दूम मोहिउद्दीन २५ ऑगस्ट, अमर शेख २९ ऑगस्ट. तिघेही १९६९ मध्ये, सहा आठवड्यांच्या आत गेले.  कवीचा हक्क मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, म्हणजे तिघांच्याही शब्दांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२९ ला संपतो. मख़दूम पूर्वीच्या हैदराबाद संस्थानचे, म्हणजे आपल्याच मुलखाचे कवी. युद्धावर निघालेल्या शिपायाला विचारा तो कुठे चालला आहे, असे म्हणणारी त्यांची रचना १९६० च्या ‘उसने कहा था’ चित्रपटात आली, संगीत सलील चौधरींचे. त्या मुद्रणाची ६० वर्षे २०२० अखेर संपली. पण शब्द २०२९ पर्यंत, आणि सलीलदा १९९५ मध्ये गेले म्हणून चाल २०५५ पर्यंत बांधलेली आहे. ‘जुने आहे, मोकळे झाले’ असे समजून हे गाणे नव्याने करणाऱ्यांनी हा हिशोब आधी मांडावा. वामनदादा २००४ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांची मुदत २०६४ अखेरपर्यंत आहे.

अशा कवींच्या वह्या आणि बाडे अजून घराघरांत आहेत. वारसांनी पानापानाचे सरळ उजेडात फोटो काढावेत, नाममुद्रेचे कडवे सुटू देऊ नये, आणि मृत्यू दाखला, वारस दाखला जोडून सभासदत्वाची चौकशी करावी. संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड, धाराशिवच्या आकाशवाणी केंद्रांनी गाण्याआधी गीतकार-संगीतकाराचे नाव सांगावे, अशी आमची त्यांनाही विनंती आहे.

कलम ५७ प्रमाणे आपल्या रचनेवर आपले नाव असण्याचा हक्क सगळे हक्क विकल्यानंतरही कवीकडेच राहतो. म्हणून येत्या रविवारी सिगर आणि हिकरसन यांची नावे देऊन दुरुस्ती छापावी. चौकटीतल्या गाण्याचे चौथे कडवे आम्ही या पत्रासोबत वेगळ्या कागदावर पाठवत आहोत. गीतकाराच्या घरच्यांनी वहीशी ताडून दिलेले आहे. जागा कमी पडली तर दुसरे कडवे गाळावे, हे गाळू नये.

आपले,
शाहिरी व गायन पार्ट्यांच्या ध्वनिमुद्रणाचे काम करणारे काही तंत्रज्ञ आणि वादक,
जालना व परभणी